शिंक, स्कूटर आणि सूनबाई

पत्र थोडक्यात असं: इंदूरच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या ४२ वर्षांच्या बाईंनी लिहिलंय. घरात सासू-सासरे, पीथमपूरला कारखान्यात नोकरी करणारा नवरा आणि दहावीतली मुलगी. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी ७१ वर्षांचे सासरे स्कूटर काढून पोहे-जलेबी आणायला निघाले. ते चपला घालत असताना नात शिंकली. सासूबाई म्हणाल्या, "थांबा हो, शिंक झाली. पाच मिनिटं टेका." सूनबाई हसून म्हणाल्या, "बाबा, शिंकेनं काय होतंय? जा तुम्ही, उशीर केलात तर गर्दी होईल." सासरे गेले. वळणावर बांधकामाची रेती पसरली होती, स्कूटर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. आता ते वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. सूनबाईंना थेट कुणी बोललं नाही. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई "मी थांबवलं होतं" एवढं सांगतातच. पुण्याच्या नणंदेनं तर फोनवर ऐकवलं, "वहिनी, तू तरी ऐकायचं होतंस." 'शांत' करून देणाऱ्या एका गृहस्थांचं नावही तिनंच सुचवलंय, खर्च २१,००० रुपये. बाई लिहितात: "माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण आता कुणी शिंकलं की माझा पाय उंबऱ्यातच अडतो. मागच्या आठवड्यात मांजर आडवं गेलं, तर दुसरं कुणीतरी पुढे जाईपर्यंत मी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून उभी राहिले. मुलगी प्रत्येक पेपरला तोच एक निळा पेन मागते आणि मी तिला काही बोलू शकत नाही. वर्गात कार्यकारणभाव शिकवणारी मी ढोंगी आहे का? आणि त्या दिवशी माझं चुकलं का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं चुकलं नाही. हे वाक्य तुम्ही स्वतःलाही शंभरदा ऐकवलं असणार आणि ते उपयोगी पडलं नसणार, नाहीतर चार पानी पत्र लिहिलं नसतंत. तेव्हा ही गाठ कशी बसली ते आधी बघू.

तुम्ही या घरात १७ वर्षं आहात असं लिहिलंय. घरात पाच माणसं, त्यात दोघांना धुळीची ॲलर्जी. कुणीतरी बाहेर निघताना कुणीतरी शिंकलं, असं आठवड्यातून एकदाच झालं असं धरू. खरं तर जास्त झालं असेल. तरी १७ वर्षांत साडेआठशेच्या वर शिंका होतात. त्या साडेआठशे दिवसांचं काय झालं, घरात कुणाला आठवतं का? कशाला आठवेल? "नात शिंकली, आजोबा गेले, पोहे आणले, सगळ्यांनी खाल्ले" ही काही पाहुण्यांना सांगायची गोष्ट नाही. आठवणीत राहते ती एकच शिंक, कारण तिच्या पुढे अपघात आहे. दहावीच्या पोरांना तुम्ही जसा तक्ता काढून देता तसा स्वतःसाठी काढा. चार चौकोन: शिंक झाली आणि काही बिघडलं; शिंक झाली आणि काही बिघडलं नाही; शिंक नाही तरी बिघडलं; शिंक नाही आणि सगळं ठीक. आपलं मन फक्त पहिला चौकोन भरतं आणि बाकीचे तीन कोरे ठेवून निकाल लावतं. दोन महिने खरोखर वही ठेवा, फ्रीजवर लावली तरी चालेल. तिसरा चौकोन किती भराभर भरतो ते पाहून सासूबाईसुद्धा गप्प होतील. निदान गॅस संपणं, वीज जाणं आणि मोलकरणीची दांडी यांपैकी एकालाही शिंक लागत नाही हे तरी त्यांना मान्य करावं लागेल.

आणि शिंक मुळात वाईटच, हे तरी कुणी ठरवलं? इ.स.पू. ४०१ मध्ये दहा हजारांच्या आसपास ग्रीक सैनिक इराणच्या बादशहाच्या मुलखात अडकले होते. सेनापती दग्याने मारले गेलेले, घर हजाराहून जास्त मैल दूर. त्यांच्यातलाच झेनोफन सगळ्यांसमोर उभा राहून सुटकेची आशा आहे असं बोलत होता, तेवढ्यात एक सैनिक शिंकला. सगळ्या सैन्यानं तो शुभशकुन मानून देवाला नमस्कार केला. तीच शिंक, तेच नाक! आपल्याकडेही तान्हं बाळ शिंकलं की "शतंजीव" म्हणतो. एक शिंक वाईट आणि लागोपाठ दोन आल्या तर बरं, हाही नियम आपलाच. शरीर आपल्याला न विचारता अचानक काहीतरी करतं, म्हणून माणसाला तो बाहेरून आलेला निरोप वाटला असावा. निरोपात काय लिहिलंय ते मात्र ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं वाचलं.

नियमाला पळवाटही नेहमी शेजारीच ठेवलेली असते. घोटभर पाणी प्या, दोन मिनिटं टेका, उजवा पाय आधी टाका, की झालं निरसन. आपल्या उज्जैनचंच बघा. महाकाल हाच तिथला राजा, म्हणून दुसऱ्या कुठल्या राजानं किंवा मुख्यमंत्र्यानं तिथे रात्र काढायची नाही, काढली तर गादी जाते, हे इंदुरात लहानपणापासून ऐकत आलोय. डिसेंबर २०२३ मध्ये उज्जैनचेच मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि रात्री आपल्या घरी मुक्कामाला राहिले. महाकाल राजा, आपण त्याचं लेकरू, असा त्यावर त्यांचा खुलासा होता. शकुन मोडलाही नाही आणि पाळलाही नाही. गादी त्यानंतरही शाबूत राहिली.

आता तुमच्या उंबऱ्यात अडणाऱ्या पायाबद्दल. तुम्ही त्याला ढोंग म्हणता, मला ते पटत नाही. शिकागो विद्यापीठात जेन रायझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. २००८ मध्ये त्यांनी आणि थॉमस गिलोविच यांनी 'नशिबाला डिवचणं' या भावनेचा अभ्यास केला. छत्री घरी ठेवली की हमखास पाऊस येतो, ही ती भावना. असल्या गोष्टींवर विश्वास नाही म्हणणाऱ्यांच्याही मनात ती डोकावत होती. कारण साधं आहे. छत्री न घेतल्यावर भिजण्याचं चित्र फार चटकन डोळ्यांसमोर येतं, आणि जे चटकन दिसतं ते घडेलसं वाटतं. पुढे २०१६ मध्ये रायझेन यांनी आणखी एक मुद्दा मांडला. आपण चुकीचा विचार करतोय हे माणसाला कळू शकतं, आणि कळूनही तो विचार दुरुस्त न करता माणूस त्यापुढे मान तुकवू शकतो. चूक कळणं आणि ती सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्याबाबतीत पहिलं काम चोख झालंय. दुसरं अडलंय, कारण मध्ये बाबांचा खुबा आहे. न थांबण्याची किंमत म्हणून तुम्हाला एक शस्त्रक्रिया दिसते आणि थांबायला दोन मिनिटंच लागतात. असा सौदा समोर आला तर भलेभले दोन मिनिटं थांबतील.

मीही काही सोवळी नाही. घरातून निघताना "जाते" हा शब्द माझ्या तोंडून आजवर निघालेला नाही, "येते" असंच म्हणते. बांगडी फुटली तर "वाढवली" म्हणते, देवापुढचा दिवा "विझला" न म्हणता "शांत झाला" म्हणते. आपली भाषाच अशी घाबरून घाबरून चालते. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. ज्या रोगानं माणसं पटापट मरत होती त्याला तर आपण 'देवी' म्हटलं, कारण नाव घेऊन डिवचलं तर आणखी कोपेल. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. ते झालं लशीमुळे. पण घरात मूल तापानं फणफणलंय आणि हाताशी लस नाही, औषध नाही, अशा आईनं त्या रोगाला हात जोडले तर तिला मी तरी हसणार नाही.

मुळाशी ही असहायता असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले होते. तिथले कोळी किनाऱ्याजवळच्या शांत खाजणात मासे धरायला जात तेव्हा मंत्रतंत्र काही करत नसत. तिथे जीवाला धोका नाही, मासळीही खात्रीची. तेच कोळी खोल समुद्रात जायचे तेव्हा मात्र साग्रसंगीत विधी. माणसं तीच, अक्कल तीच, फक्त पाणी खोल. तुमच्या लेकीची रोजची शाळा म्हणजे खाजण आणि बोर्डाचा पेपर म्हणजे समुद्र. पेन उगाच नाही आला.

इथे तुम्हाला एक सावधगिरी सांगते, कारण विज्ञानाच्या शिक्षकांना हा मोह फार होतो. "यामागे शास्त्रीय कारण आहे" असं म्हणून सुटका करून घेऊ नका. लिंबू-मिरचीतलं जीवनसत्त्व दोऱ्यातून हवेत पसरतं, वगैरे मजकूर तुमच्याही मोबाइलवर आला असेल. तो लिहिणाऱ्याला ना लिंबू कळलंय ना हवा. दिवेलागणीनंतर केर काढू नये, कारण कंदिलाच्या उजेडात पडलेला मणी दिसायचा नाही, हे त्यातल्या त्यात पटण्यासारखं. पण ते खरं धरलं तरी तुमच्या स्वयंपाकघरात एलईडी आहे. शिंकेनंतर थांबल्यानं रक्तदाब स्थिर होतो असलं काहीतरी बाबांना सांगू नका. आई जे मानतात ते प्रामाणिकपणे मानतात. त्याला खोट्या विज्ञानाचा शर्ट चढवण्यात त्यांचाही अपमान आहे आणि तुमच्या विषयाचाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या सबंध पत्रात शिंक अकरा वेळा आहे. मी मोजली. रेती एकदाच आहे. स्कूटरचे टायर गुळगुळीत झाले होते का, हे नाही. हेल्मेट होतं का, नाही. ७१ वर्षांच्या माणसाचा खुबा एवढ्याशा पडण्यानं मोडला तर हाडं ठिसूळ झालीत का हे बघायला हवं, त्याचा तर उल्लेखच नाही. शिंकेनं केलेलं मोठं नुकसान हे. तिनं उत्तर इतकं झटपट दिलं की घरात खरी चौकशी सुरूच झाली नाही. डॉक्टरांना विचारून बाबांच्या हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या, आईंचीही घ्या. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, कारण दुसरं पडणं बहुधा घरातच होतं. वळणावरची रेती अजून तिथेच असेल तर रहिवासी मिळून ती हलवायला लावा. नणंदबाईंना हे सगळं कळवा. २१,००० रुपयांत यातलं बरंच काही बसेल.

त्या 'शांत' करणाऱ्या गृहस्थांना मात्र साफ नाही म्हणा, आणि हे नवऱ्यानं आपल्या बहिणीला सांगायचं, तुम्ही नाही. रेघ कुठे ओढायची असं बरेच वाचक विचारतात. मी पाहते ते एवढंच, की किंमत कोण मोजतंय. परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ठेवली, त्यात दोन चमचे दही खर्च होतं. पण हळदीकुंकवात एखादीला विधवा म्हणून बाजूला बसवलं, घरात आल्याबरोबर काही वाईट घडलं म्हणून नव्या सुनेला 'पांढऱ्या पायाची' ठरवलं, भीती घालून पैसे उकळले, तर तिथे दुसऱ्या माणसाच्या जिवावर आपली भीती शांत केली जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो महाराष्ट्रात २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर झाला. तो कायदाही शिंकेच्या किंवा दह्याच्या वाटेला जात नाही. त्याचा रोख आहे तो फसवणूक, छळ आणि अघोरी प्रकारांवर. "वहिनी, तू तरी ऐकायचं होतंस" हे वाक्य वरवर साधं दिसतं, पण त्यात अपघाताचं बिल तुमच्या नावावर फाडलंय. म्हणून नणंदेला उत्तर द्यायलाच हवं. भांडून नको. "मला तुझ्या त्या वाक्याचा त्रास झाला. बाबा पडले त्याचं वाईट मलाही तुझ्याइतकंच वाटतं," एवढं पुरे.

सासूबाईंचं वाक्य मात्र मला नणंदेच्या वाक्यासारखं वाटत नाही. "मी थांबवलं होतं" हे तुम्ही आरोप म्हणून ऐकता. कदाचित ती त्यांची कबुली असेल. मी थांबवलं, पण हात धरून थांबवलं नाही. पन्नास वर्षांचा संसार, आणि माझ्या डोळ्यांदेखत हे घराबाहेर पडले. तुम्हाला जसं "मी जा म्हटलं" टोचतं, तसं त्यांना "मी नुसतं म्हटलं" टोचत असेल. एका दुपारी दोघीच असताना विचारून बघा: "आई, तुम्हाला त्या सकाळचं फार आठवतं का?" त्यांनी शिंकेवर गाडी नेली तर वाद घालू नका, त्या सकाळच्या भीतीबद्दल बोलू द्या.

आणि पुढच्या वेळी त्या "थांब" म्हणाल्या तर? विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध प्रवचन देत असताना शिंकले. भिक्षूंनी "चिरंजीव व्हा" असा एवढा गलका केला की प्रवचन थांबलं. बुद्धांनी विचारलं, शिंकल्यावर 'जगा' म्हटल्यानं कुणी जगतो किंवा मरतो का? नाही, म्हणाले भिक्षू. मग असं म्हणायचं नाही, असा नियम झाला. पण पुढे लोक शिंकणाऱ्या भिक्षूंना "जगा" म्हणत आणि भिक्षू गप्प राहत. लोकांना ते तुटक वाटलं, कुरकूर सुरू झाली. तेव्हा बुद्धांनी मुभा दिली: गृहस्थांना मंगल बोलणं आवडतं, त्यांनी म्हटलं तर तुम्हीही उलट "चिरंजीव" म्हणा. शिंकेनं काही होत नाही हे त्यांनी मागे घेतलं नाही, आणि समोरच्या माणसाचं मनही मोडलं नाही. आईंसाठी दोन मिनिटं टेकलात, तर ती त्यांच्यासाठीची दोन मिनिटं आहेत. एकट्या असताना, गल्लीच्या तोंडाशी, मांजरासाठी मात्र थांबू नका. तिथे कुणाचंच मन राखायचं नाहीये. पहिल्या दोन-तीन वेळा पोटात गोळा येईल, येऊ द्या, आणि तसंच पुढे जा. काही झालं नाही हे शरीराला कळायला ते न थांबलेले फेरेच लागतात. दर वेळी थांबत राहिलात तर "थांबले म्हणून वाचले" असा आणखी एक खोटा चौकोन भरत जाईल. पुढे हे थांबणं वाढत गेलं, एकदा निघायला अर्धा अर्धा तास लागू लागला, तेच विचार रात्री झोपू देईनात, तर ती मंत्रचळाची, म्हणजे तेच तेच करत राहण्याच्या आजाराची, सुरुवात असू शकते. त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा किंवा सुरुवातीला टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला.

लेकीचा पेन. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये आठ भुकेल्या कबुतरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यात ठराविक अंतरानं दाणे आपोआप येत, कबुतरानं काही करो वा न करो. तरी आठांपैकी सहा कबुतरं काहीतरी ठरलेलं करू लागली. एक गोल गोल फिरायचं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं घालायचं. दाणे येण्याच्या वेळी जे चाललं होतं तेच त्यांनी धरून ठेवलं, असं स्किनर म्हणाले. पुढच्या संशोधकांनी या अर्थावर बराच वाद घातला, पण चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. लेकीला ही गोष्ट सांगा, टोमणा म्हणून नव्हे, मजा म्हणून. पंधरा वर्षांच्या मुलीला "तू कबुतर आहेस" म्हटलेलं चालत नाही. "आपण सगळेच आहोत" चालतं. २०१० मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात 'हा लकी चेंडू आहे' असं सांगितलेल्या लोकांनी गोल्फ जास्त चांगलं खेळलं असं दिसलं होतं आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. २०१४ मध्ये जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो फरक सापडला नाही. तेव्हा लकी पेनवरही भरवसा नको.

म्हणून पेन काढून घेऊ नका, पण त्याची मक्तेदारी मोडा. एकच पेन हरवला, गळला, तर ऐन पेपरात पोरीचं अवसान जाईल, धोका तेवढाच आहे. तसेच आणखी तीन निळे पेन आणा आणि सगळे एकाच कंपासात मिसळून टाका, आठवडाभरात 'तो' कुठला हे तिलाच ओळखू येणार नाही. (तीनच ठेवू नका, आई तिघाडा म्हणतील. चार बरे.) आणि सवय हवीच असेल तर वस्तूऐवजी कृतीची लावा. पेपर हातात आला की तीन सावकाश श्वास, मग नाव लिहायचं. हे कुणी हरवू शकत नाही.

आता एक गोष्ट, जी पत्र तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आली. तुम्ही काय म्हणालात ते पत्रात आहे, आई काय म्हणाल्या ते आहे, नणंद काय म्हणाली तेही आहे. बाबा काय म्हणाले ते कुठेच नाही. त्यांनी त्या सकाळी बायकोचं ऐकलं, सुनेचं ऐकलं आणि स्वतःच्या मनानं चप्पल घातली. ७१ वर्षांच्या शहाण्या माणसानं घेतलेला तो निर्णय होता, आणि चार महिने तुम्ही दोघी तो आपापसात वाटून घेताय. त्यांना एकदा विचारा तर खरं, तुम्ही का निघालात बाबा? काय सांगतील मला ठाऊक नाही. पण आयुष्यभर दर रविवारी जो माणूस स्वतः पोहे आणायला जातो, त्याला शिंकेपेक्षा कढईतली जलेबी जास्त दिसत असावी असा माझा अंदाज आहे.

तोवर रविवारचे पोहे तुम्ही आणा. पोह्यांवरचा जीरावन मसाला वेगळा बांधून घ्या, बाबांना वरून घालायला आवडत असेल.